मोहाच्या बियांतून हरित साबण. पण मोल कोणाला?

नंदुरबार (प्रतिनिधी) : पावसाळ्याच्या तोंडावर सातपुड्यातील धडगाव, अक्कलकुवा, तळोदा या तालुक्यांत मोहाच्या बिया, म्हणजे टोळंबी, वेचण्याची लगबग असते. आदिवासी कुटुंबे काही बियांचे तेल घरासाठी काढून घेतात आणि उरलेल्या बाजारात विकतात. साबण व धुलाई पावडरीचा उद्योग खनिज तेलाला पर्याय शोधत असताना या बियांचे मोल नव्याने तपासण्याची वेळ आली आहे. रसायनशास्त्र अनुकूल आहे. कळीचा मुद्दा अर्थकारणाचा आहे.

मळ काढणाऱ्या द्रव्याला सरफॅक्टंट म्हणतात. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते, तर दुसरे तेलाला. त्यामुळे तेलकट मळ सुटून पाण्याबरोबर वाहून जातो. धुलाई पावडरीत सर्रास वापरला जाणारा सरफॅक्टंट केरोसीन व बेंझीनपासून मिळणाऱ्या रसायनावर आधारित आहे. पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या हरित रसायनशास्त्राच्या १२ तत्त्वांपैकी एक तत्त्व मात्र कच्चा माल शक्यतो पुन्हा निर्माण होणारा असावा, असे सांगते.

पामतेलाचे परावलंबन

वनस्पतिजन्य सरफॅक्टंटसाठी आज प्रामुख्याने नारळाचे किंवा पामच्या गराचे तेल लागते. भरघोस फेसासाठी आवश्यक असलेली १२ ते १४ कार्बनची साखळी त्यांत असते. पामसाठी आपण इंडोनेशिया व मलेशियावर अवलंबून आहोत. इंडोनेशियाने २०२२ मध्ये पामतेलाची निर्यात काही आठवडे रोखली, तेव्हा या परावलंबनाची जाणीव तीव्रतेने झाली.

मोहाचे तेल ही जागा थेट घेऊ शकत नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. त्यातील साखळ्या प्रामुख्याने १६ ते १८ कार्बनच्या असतात. त्याचा साबण चांगला होतो, पण फेस कमी येतो. येथे किण्वनाचा मार्ग उपयोगी पडतो. विशिष्ट यीस्टला साखर आणि तेल पुरविल्यास ते सोफोरोलिपिड हा सौम्य, सहज विघटन होणारा सरफॅक्टंट तयार करते. मुंबईत माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी करंज व जट्रोफा तेलांपासून तो तयार करून दाखविला आहे. या प्रक्रियेला उपयुक्त असलेले ओलेइक आम्ल मोहाच्या तेलातही भरपूर असते. साखरेसाठी शहादा परिसरातील उसाची मळी वापरता येईल. त्यासाठी मोहफुलांना हात लावण्याचे कारण नाही. तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीतील सॅपोनिन तर स्वतःच फेस देणारे द्रव्य आहे.

घाणी कोणाच्या गावी?

केंद्र सरकारने मे २०२० मध्ये मोहाच्या बियांची किमान आधारभूत किंमत किलोमागे २९ रुपये ठरविली. मात्र ही बियांची किंमत झाली. खरा नफा तेल, साबण आणि त्यापुढील प्रक्रियेत असतो. वनहक्क कायद्याने २००६ मध्ये गौण वनोपजावरील मालकी वनवासी कुटुंबांना दिली. त्या मालकीला गावातील वाळवण, गोदाम आणि तेलघाणीची जोड मिळाली नाही, तर हरित उद्योगालाही बी तेवढी सातपुड्याची आणि नफा शहराचा, असेच होईल.

किण्वनासाठी निर्जंतुक टाक्या, अखंड वीज व प्रयोगशाळा लागते; ती सोय तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणीच होऊ शकेल. वाळवण, तेल गाळणे आणि साधा साबण मात्र बचत गटांच्या आवाक्यातील आहे. बिया पावसाच्या दिवसांत पडतात. ओल राहिली तर तेलाची आम्लता वाढून ते खाण्यायोग्य राहत नाही. म्हणून पहिली गरज कारखान्याची नसून कोरड्या गोदामाची आहे.

मागणी वाढली, तर घरच्या चुलीवरचे तेलही बाजारात जाण्याचा धोका आहे. मोहाचे झाड फळायला अनेक वर्षे लागतात. पुरवठा एका हंगामात वाढविता येत नाही. त्यामुळे घरचा वाटा आधी राखून मगच उरलेल्या बियांचा करार करण्याचा अधिकार ग्रामसभेकडे असला पाहिजे. कच्चा माल झाडाचा आहे, एवढ्यावर उद्योग हरित ठरत नाही. ते झाड जपणाऱ्याच्या हाती काय पडते, त्यावरच तो ठरेल.