गेरूतलं प्रेम
या आठवड्यात एक चित्रपुस्तक चाळताना फ्रेंच चित्रकार आंत्वान वातोचं एक रेखाटन समोर आलं आणि पुढची पानं उलटायची राहूनच गेली. उतारावर बसलेलं एक जोडपं, बस्स. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातलं हे चित्र आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. साहित्य तीन खडूंचं: काळा, पांढरा, लाल. लाल म्हणजे आपला गेरूच की हो, तुळशीवृंदावनाला लावतो तो! त्याच मातीतून वातो कातडीची ऊब काढतो. बाग जवळपास काढतच नाही, तरी झाडाखालचा गारवा जाणवतो. पॅरिसच्या चित्रकला अकादमीनं १७१७ मध्ये त्याला सदस्य करून घेतलं, ते प्रेमिकांच्या एका भल्यामोठ्या तैलचित्रावर. पण माझ्या लेखी खडूचे हे कागदच जड भरतात. तैलचित्रात प्रेमिक नटूनथटून बसतात. इथे आपल्याला कुणी पाहतंय याची त्यांना खबरच नाही. वातो रेखाटनं वहीत जपून ठेवायचा आणि हवी ती माणसं उचलून चित्रात बसवायचा. म्हणजे वहीत कधी शेजारी न बसलेले दोघे कॅनव्हासवर प्रेमात पडायचे! हे दोघे मात्र पहिल्यापासून एकत्र आहेत, आणि मला तेच फार आवडलं. वयाच्या ३६व्या वर्षी वातो गेला. पुढे बूशे या तरुण चित्रकारानं त्याची शंभरावर रेखाटनं छपाईसाठी तांब्याच्या पत्र्यावर उतरवली, म्हणून ती दूरवर पोचली. माझ्या टेबलावर ते पान अजून उघडंच आहे.