लायसन्स वाचायचा धडा

शिक्षकमित्रांनो आणि पालकहो, जरा तुमचं लायसन्स बाहेर काढा बघू. नंबरातलं 'एमएच १२' म्हणजे महाराष्ट्र, पुणे आरटीओ. पुढचे चार अंक लायसन्स दिल्याचं वर्ष, शेवटचे सात अनुक्रमांक. 'एमसीडब्ल्यूजी' म्हणजे गिअरची दुचाकी, 'एलएमव्ही' म्हणजे हलकं मोटार वाहन.

आता मुदतीची तारीख बघा. मी वर्गात हाच धडा घेत होते, तेव्हा एका मुलीनं माझ्याच कार्डावर बोट ठेवलं, "बाई, हे तर संपलंय!" दोन महिने मी तशीच स्कूटरवरून शाळेत येत होते.

लायसन्स जन्मभराचं नसतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिशीच्या आत काढलेलं खासगी वाहनाचं लायसन्स वयाच्या चाळिशीपर्यंत चालतं. तिशी ते पन्नाशीत काढलेलं १० वर्षं. पूर्वीची ३० दिवसांची सवलतही त्या दुरुस्तीत काढून टाकली गेली. मुदत संपून वर्ष उलटलं, की पुन्हा चाचणी द्यावी लागते.

म्हणून मला वाटतं, नाव, नंबर, पत्ता झाकून लायसन्सची झेरॉक्स सातवीच्या वर्गात वाचायला द्यावी. आपण वर्षानुवर्षं न पाहिलेली तारीख मुलं एका मिनिटात शोधतात. आज घरी मुलांनाच तुमचं लायसन्स तपासायला सांगा!