खिडकीतला वेगळा पेला



दशलक्षण पर्वात उत्तम क्षमेवरचं प्रवचन ऐकून घरी आले, तर कचरा न्यायला येणारी ताई दारात उभी. "काकू, पाणी देता का?" मी गाळलेलं पाणी दिलं, पण खिडकीतल्या वेगळ्या पेल्यात. तो वेगळा काढायला मला कुणी सांगितलं नव्हतं. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून जपणारी मी, माणसाला मात्र उंबऱ्याबाहेर ठेवत होते. त्या दिवशी लाज वाटली.

आता आमच्या सोसायटीत ठराव आलाय: ताईला बंद करून ठेकेदाराची गाडी लावायची. "जिन्यात वास येतो, गाडी बरी दिसते," असं म्हणणं आहे.

मी बी.कॉम. झालेली, हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. पुण्यातल्या कचरावेचकांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभारली. २००८ पासून त्यांच्याच मालकीची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलते. २०१६च्या घनकचरा नियमांतही कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या, असं म्हटलं होतं. ताईचं घर चालतं ते आपल्या महिन्याच्या पैशांवर आणि निवडलेल्या भंगारावर. गाडी आली की दोन्ही गेलं. तिने वेगळा काढलेला कागद, प्लास्टिक पुन्हा वापरात जातं, ही जमा सोसायटीच्या ताळेबंदात कुठेच दिसत नाही.

वास येतो, हे खरं. पण ओला-सुका एकत्र कोंबतो कोण? आपणच ना!

विकास म्हणजे नवी गाडी येणं नव्हे. आजवर ज्यांनी घाण उचलली, त्यांना त्यात जागा मिळणं म्हणजे विकास. दिवाळीला जुनी साडी देणं सोपं असतं. महिन्याचे पैसे वेळेवर देणं, पॅड-डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका करणं, ही रोजची अहिंसा आहे. पर्व संपल्यावर आपण नातेवाइकांची क्षमा मागतो. हिची कधी मागितली?

माझा तो पेला आता इतर पेल्यांत मिसळलाय. कुठला होता, मलाही ओळखू येत नाही.

येत्या रविवारी सभा आहे. ताईला बोलावून तिचं ऐकल्याशिवाय मत घेऊ नका, असं मी सांगणार आहे. तुमच्या सोसायटीत असा ठराव आला, तर तुम्हीही एवढं नक्की सांगा.