नेम कुठे धरावा?

आपल्या पांढरपेशा घरांचा आणि बंदुकीचा संबंध पिढ्यान्‌पिढ्या टिकल्यांच्या पिस्तुलापुरताच राहिलेला. वसुबारसेला ते आणावे, भाऊबिजेपर्यंत त्याचा चाप मोडावा आणि तुळशीच्या लग्नाला ते माळ्यावर जावे, एवढीच आपली शस्त्रविद्या. फौजेत गेलेला एखादा चुलता सोडला, तर खरी बंदूक आपण पाहिली ती बँकेच्या दारातल्या पहारेकऱ्याच्या खांद्यावर. तेव्हा ‘मुलीला नेमबाजीच्या कोणत्या रेंजवर घालू?’ असा प्रश्न मराठीच्या प्राध्यापकाकडे सल्ल्यासाठी येईल, असे भाकीत माझ्या पत्रिकेत कुणी केले नव्हते.

पण काळ बदलला खरा. २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये मुंबईच्या अंजली भागवत एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. २०१० साली म्युनिकला कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत जगज्जेत्या झाल्या. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून ब्राँझपदक आणल्यावर महाराष्ट्राला दुसऱ्या वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी ७२ वर्षे थांबावे लागले, आणि २०२४ साली ते मिळवून दिले कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी, रायफलीच्या नेमबाजीत. त्यानंतर आमच्या नात्यागोत्यात क्रिकेटच्या कोचिंगइतक्याच सहजपणे रायफलीच्या कोचिंगची चौकशी होऊ लागली, यात नवल ते काय?

माझी भाची यंदा नववीत आहे. तिच्या शहरात दोन रेंज. एक स्टेशनजवळ, इमारतीच्या तळघरात, काचेच्या दाराची, वातानुकूलित. दुसरी गावाबाहेर उघड्या माळावर, दोन बस बदलून जावे लागणारी. धाकट्या बहिणीचा निकाल फोनवर तयारच होता.

“दादा, तूच समजाव हिला. स्टेशनजवळची चारी बाजूंनी बंद आहे, गोळी बाहेर जायची भीती नाही. तिकडे मोकळ्या रानात गोळ्या झाडतात रे! आणि उन्हातान्हात पोर काळवंडेल ती वेगळीच.”

मागून भाचीचा आवाज आला, “मामा, आईला सांग ना, खरी नेमबाजी उघड्यावरच असते!”

दोघींपैकी कुणाची बाजू घ्यावी हे मला उमगेना. मग आमच्या पेशाला शोभेल अशा रीतीने मी थोडे वाचले आणि दोन्ही ठिकाणे डोळ्यांनी पाहून आलो. ज्यांच्या घरात आज ना उद्या हा प्रश्न येणार आहे, त्यांच्यासाठी ही हकीकत.

नेमबाजीच्या सरावाला आपल्याकडे जुना शब्द आहे चांदमारी. निशाणाचा वाटोळा ठिपका तो चांद, आणि त्यावर मारा करण्याची जागा ती चांदमारी. लष्करी छावण्यांच्या कितीतरी गावांत या नावाचा भाग आजही सापडतो. ही जागा वस्तीपासून दूर, शक्य तर टेकडीच्या कुशीत निवडत, कारण चुकलेली गोळी टेकडीने पोटात घ्यावी. म्हणजे आपल्या पूर्वजांची चांदमारी आभाळाखालचीच. छताखालची नेमबाजी ही त्या मानाने नवी सोय, आणि नव्या सोयीला सुरक्षितपणा समजायची आपल्याला सवय.

प्रत्यक्षात खेळाच्या नियमांनी छत आणि आभाळ यांची वाटणी करूनच ठेवली आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत १० मीटरची एअर रायफल आणि एअर पिस्तूल छताखालीच चालतात. ५० मीटरची रायफल मात्र उघड्यावर. नेमबाजाच्या डोक्यावर छप्पर असले तरी गोळीच्या वाटेचे निदान ४५ मीटर आभाळाखाली असावेत असा दंडक आहे. अंतिम फेरी तेवढी सभागृहात होऊ शकते. हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या फोडायच्या ट्रॅप आणि स्कीट या प्रकारांना तर मैदानच लागते. बिकानेरचे महाराजा करणी सिंग यांनी १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवले ते ट्रॅपमध्ये. दिल्लीच्या तुघलकाबादमध्ये १९८२ च्या आशियाई स्पर्धांसाठी बांधलेली रेंज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तेव्हा मुलीला कुठे घालावे हे विचारण्याआधी ती काय झाडणार हे विचारले पाहिजे.

एअर रायफलीत दारू नसते. दाबलेल्या हवेच्या जोरावर ४.५ मिलिमीटरचा छर्रा सुटतो. निशाणाचे अंतर चाळीतल्या दोन खोल्या आणि गॅलरी मिळून होईल इतपत. पण दहा गुणांचा मधला ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर, म्हणजे या वाक्याच्या शेवटच्या पूर्णविरामाएवढा. छताखाली वारा नाही, ऊन नाही, उजेड सकाळ-संध्याकाळ सारखा. छर्रा चुकला तर दोष द्यायला बाहेरचे कुणी सापडत नाही. श्वास, पायांची ठेवण आणि चापावरचे बोट, एवढ्यांचीच झडती घ्यायची. आपण व्रतालाही नेम म्हणतो. रोज त्याच वेळी, त्याच जागी, तेच पुन्हा करण्याचा हा नेम छताखाली चांगला पाळता येतो. शिवाय आपल्याकडचे पावसाचे चार महिने! कोल्हापूर-मुंबईकडे उघड्या रेंजवरच विसंबणाऱ्याने आषाढ-श्रावणात काय करावे?

२००८ साली बीजिंगला एअर रायफलमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या अभिनव बिंद्रा यांच्या तर घरीच बंदिस्त रेंज होती. पण तेवढ्यावर त्यांचे भागले नाही. ऑलिंपिकच्या भव्य सभागृहात उभे राहण्याची सवय व्हावी म्हणून त्यांनी चंडीगढला चक्क एक लग्नाचा हॉल भाड्याने घेऊन तिथे सराव केला. घरच्या छताची सवय झालेल्या माणसाला परके छतही परके वाटते, हे त्यांना ठाऊक होते.

आभाळाखाली तर परकेपणच गुरू होतो. मी माळावरच्या रेंजवर गेलो तेव्हा ५० मीटरची रायफल चालू होती. नेमबाजापासून १० आणि ३० मीटरवर सुती कापडाच्या चिंचोळ्या झेंड्या लावल्या होत्या, वीतभरापेक्षा लांब आणि दोन-तीन बोटे रुंद. एक झेंडी डावीकडे उडत होती आणि दुसरी स्वस्थ लोंबत होती. या निशाणाचे दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे, आणि गालाला जेमतेम कळणारी आडवी झुळूक गोळीला तेवढ्याबाहेर नेऊ शकते. पालथी पडलेली एक मुलगी डोळा न हलवता झेंड्यांकडे पाहत होती. मिनिट गेले, दोन गेली. तिने बार काढला नाही. मग दोन्ही झेंड्या खाली आल्या आणि तिने चाप ओढला. दुपार चढली तशी जमिनीवरची हवा थरथरू लागली आणि निशाण पाण्यात पडल्यासारखे दिसू लागले. या गोष्टी तळघरात शिकवता येणार नाहीत. भाची म्हणाली त्यात एवढे तथ्य होते.

आता बहिणीच्या भीतीकडे वळतो, कारण या विषयातली खरी गोम तिथे आहे.

माळावर तिला भीती होती गोळीची. ती भीती अवाजवी नाही. पॉइंट बावीसची किरकोळ दिसणारी गोळी मैलभर, कधी त्याहूनही पुढे जाते. पण या धोक्याची सगळ्यांना जाणीव असते, म्हणून त्याचा बंदोबस्तही दिसतो. निशाणामागे मातीचा उंच बांध होता, वर लाल निशाण फडकत होते. लष्करातून निवृत्त झालेले एक सुभेदार रेंजवर हुकूम देत होते, आणि त्यांनी ‘थांबा’ म्हटले की प्रत्येक रायफल रिकामी होऊन खाली ठेवली जात होती. त्याशिवाय एक माणूस पुढे पाऊल टाकत नव्हता.

तळघरातल्या रेंजवर गोळी बाहेर जाणार नव्हती हे खरे. पण तिथे एअर रायफलीबरोबर पॉइंट बावीसचीही पिस्तुले चालत होती, आणि तिथला धोका मला डोळ्यांऐवजी नाकाने सांगितला. दार उघडताच जळक्या दारूचा वास आला. काडतुसाच्या बुडाशी ठिणगी देणारे जे द्रव्य असते त्यात बहुधा शिशाचे क्षार असतात, गोळीही शिशाची. दर बाराला त्याची बारीक धूळ आणि वाफ उठते. उघड्यावर ती बहुतांशी वाऱ्यावर जाते. तळघरात ती हवेत राहते, श्वासातून आत जाते, बोटांना आणि कपड्यांना चिकटते. म्हणून बंदिस्त रेंजवर हवा नेमबाजाच्या पाठीकडून निशाणाकडे एकसारखी वाहिली पाहिजे; मिनिटाला सुमारे ७५ फूट वेग असावा अशी अमेरिकेतल्या सरकारी आरोग्यतज्ज्ञांची शिफारस आहे. साधे एअर कंडिशनर हवा गार करते, बाहेर घालवत नाही. इथे तर गार झोत समोरच्या भिंतीवरून नेमबाजांच्या तोंडावर येत होता. कोपऱ्यात केरसुणी उभी होती. शिशाची धूळ कोरडी झाडली की पुन्हा हवेत उठते. ती ओल्या फडक्याने किंवा खास गाळणीच्या यंत्राने उचलावी लागते. आणि बाकावर दोन मुले काळपट झालेल्या बोटांनी बटाटेवडे खात बसली होती.

शिसे हे मुलांच्या मेंदूचे वैरी. त्याचे ‘इतके चालेल’ असे सुरक्षित प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेलाही माहीत नाही. माझ्या भाचीला तीन वर्षांचा धाकटा भाऊ आहे. ताई घरी आली की तो आधी तिच्या कुशीत शिरतो. तळघरातली धूळ सदऱ्यावरून थेट त्याच्यापर्यंत पोहोचली असती, आणि दारावर कडक पहारा ठेवूनही माझ्या बहिणीला ती दिसली नसती.

आवाजाचेही तसेच. पॉइंट बावीसचा बारही कानाजवळ फार मोठा. भिंतींवर आपटून तो परत येतो, आणि शेजारच्या खणात कुणी थोर पिस्तूल चालवत असेल तर विचारूच नका. बंदिस्त जागी कानात बोळे आणि वरून कानटोप्या, दोन्ही हवेत. उघड्यावरही कानांचे संरक्षण सोडायचे नाही.

मी बहिणीला हे सांगितले तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे माळावर पाठवू म्हणतोस?”

“आत्ता नको. आधी छताखालीच पाठव, पण जिथे फक्त एअर रायफली आहेत अशा छताखाली.”

अशी तिसरी जागा शोधल्यावर सापडली. एका शाळेच्या व्यायामशाळेत सकाळी वर्ग भरतो. स्पर्धेतल्या साध्या एअर रायफलीला परवान्याची कटकट नाही. दारूच्या बंदुकीला १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो. धूर नाही, मोठा आवाज नाही. छर्रे मात्र तिथेही शिशाचेच, म्हणून हात धुण्याचा नेम तिथेही चुकवायचा नाही. दोन वर्षे तिथे पाय स्थिर होऊ देत. पुढे पॉइंट बावीसची वेळ आली तर तळघर टाळून माळावर जायचे, दोन बस बदलाव्या लागल्या तरी. भाचीला ‘पुढे’ हा शब्द आवडला नाही. नववीतल्या कोणत्या मुलाला तो आवडतो? पण पहिल्या आठवड्यात छर्रा कागदाच्याही बाहेर गेल्यावर तिने वाऱ्याचे नाव काढणे बंद केले.

सगळ्याच बंदिस्त रेंज वाईट असतात आणि सगळे माळ निर्धोक असतात, असा याचा अर्थ वाचकांनी करून घेऊ नये. मुंबईसारख्या शहरात माळ आणायचा कुठून? हवा नीट खेळवलेली, स्वच्छ राखलेली बंद रेंज चांगलीच; आणि ज्या माळावर बांध बुटका, हुकूम देणारा गैरहजर, तिथे एक दिवसही पाठवू नये. तेव्हा नाव घालण्याआधी आईवडिलांनी एकदा स्वतः जावे, तेही सराव चालू असताना. उदबत्ती लावून हवेची दिशा पाहण्याचा मोह होईल, पण तो आवरावा. अशा ठिकाणी जमिनीवर न जळलेल्या दारूचे कण पडलेले असतात. त्याऐवजी सुताचा एक हलका पदर न्यावा आणि नेमबाजांच्या मागे उभे राहून हातात लोंबता धरावा. तो निशाणाकडे झुकला तर ठीक. आपल्याकडे झुकला किंवा गरगरू लागला तर नमस्कार करून परतावे. झाडलोट कशाने करतात ते पाहावे. डबा कुठे खातात ते पाहावे. घरी आल्यावर रेंजचे कपडे वेगळे धुवावेत आणि बूट दाराबाहेर राहावेत.

आणि निघताना एकच विचारावे, “इथे हात कुठे धुवायचे?” प्रश्न ऐकून कुणी हसले तर मुलीला घेऊन घरी यावे. कुणी उठून नळ आणि साबण दाखवला, तर ती रेंज छताखालची असो की आभाळाखालची, फॉर्म भरायला हरकत नाही.