निवेदन : आरोग्याच्या जागतिक दिनी पहाडावरच्या ग्रामसभेला हिशेब मिळावा

दिनांक : २ मार्च २०२६
स्थळ : जिवती, जि. चंद्रपूर

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
चंद्रपूर

मार्फत : मा. तहसीलदार, जिवती

विषय : आरोग्याच्या येत्या जागतिक दिनांच्या निमित्ताने हिवताप, सिकलसेल, क्षयरोग व सर्पदंश यांबाबतच्या राष्ट्रीय वचनांची जिवती तालुक्यात अंमलबजावणी करून तिचा अहवाल ग्रामसभांपुढे ठेवणेबाबत.

महोदय,

आम्ही माणिकगड पहाडावरील गुड्यांत, तांड्यांत आणि तेलंगणाच्या सीमेलगतच्या गावांत राहणारे कोलाम, गोंड, बंजारा व इतर नागरिक खालीलप्रमाणे निवेदन सादर करीत आहोत.

पुढच्या काही महिन्यांत आरोग्याचे जागतिक दिन ओळीने येत आहेत. २४ मार्चला क्षयरोग दिन, ७ एप्रिलला आरोग्य दिन, २५ एप्रिलला हिवताप दिन, १९ जूनला सिकलसेल दिन, ९ ऑगस्टला आदिवासी दिन आणि १९ सप्टेंबरला सर्पदंश जनजागृती दिन आहे. याच काळात, मे महिन्यात, जागतिक आरोग्य सभेचे ७९वे अधिवेशन जिनिव्हात आहे. या सभेने २०२३ मध्ये आदिवासींच्या आरोग्याबाबत ठराव केला आणि त्याचा जागतिक कृती आराखडा २०२६ च्या अधिवेशनापुढे मांडण्यास जागतिक आरोग्य संघटनेला सांगितले. भारत या सभेचा सदस्य आहे. म्हणून तिथल्या ठरावाचा संबंध आमच्या गुड्याशीही आहे, असे आम्ही मानतो.

या जागतिक दिनांना निघणाऱ्या फेऱ्या, लागणारे फलक आणि घेतल्या जाणाऱ्या शपथा यांना आमचा विरोध नाही. जनजागृती हवीच. पण ज्या रोगाची शपथ घेतली, त्या रोगाबाबत वर्षभरात आमच्या गावात काय झाले, हे त्याच दिवशी ग्रामसभेत सांगितले पाहिजे. या निवेदनाची मुख्य मागणी हीच आहे.

आमच्या भागातील वनजिल्ह्यांनी जगाला आरोग्याचा धडा दिलेला आहे. गडचिरोलीत डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील बायकांना नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचे शिक्षण दिले आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे काम छापले. आज देशभरातील आशाताई घरोघरी जाऊन बाळाला तपासतात, त्यामागे ही वाट आहे. गावातल्याच माणसाच्या हाती ज्ञान आणि औषध दिले तर जीव वाचतात, हे इथेच सिद्ध झाले. आमच्या मागण्या त्याच धर्तीच्या आहेत.

मागण्या :

१. हिवताप : २०२७ पर्यंत स्थानिक लागण शून्यावर आणण्याचे आणि २०३० पर्यंत हिवतापाचे निर्मूलन करण्याचे देशाचे ध्येय आहे. त्यासाठी जूनच्या पहिल्या पावसाआधी प्रत्येक घरात माणसांच्या संख्येनुसार औषधभारित मच्छरदाण्या पोहोचाव्यात. रक्त तपासणीचे किट व औषधे आशाताईंकडे बारमाही असावीत. तापाचा रुग्ण तपासणीसाठी पहाड उतरून जाईपर्यंत उशीर झालेला असतो.

२. सिकलसेल : १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे लक्ष्य ठेवले. तालुक्यातील प्रत्येक गुड्यात तपासणी पूर्ण करून प्रत्येकाला त्याचे कार्ड द्यावे. ‘एएस’ (वाहक) आणि ‘एसएस’ (रुग्ण) यांतला फरक लग्नाआधी मुलामुलींना व त्यांच्या आईवडिलांना नीट समजावून सांगावा. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे, हे कळले नाही तर मुलींच्या कपाळी उगाच दोष येतो. ‘एसएस’ रुग्णांना हायड्रॉक्सियुरिया हे औषध दरमहा जवळच्या आरोग्य केंद्रातून मिळावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. त्यानुसार प्रमाणपत्रासाठी जिवती येथेच शिबिर घ्यावे. वेदनांनी बेजार झालेल्या रुग्णाला कागदासाठी चंद्रपूरच्या खेपा घालायला लावू नये.

३. क्षयरोग : निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये मिळतात. ही रक्कम उपचार सुरू होताच रुग्णाच्या हाती पडावी. ज्यांचे बँक खाते किंवा आधार जोडणी अडली आहे, त्यांची यादी काढून गावातच अडचण सोडवावी. रोजमजुरी बुडाली की आधी ताटातले कमी होते, मग गोळ्या सुटतात.

४. सर्पदंश : जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाचे मृत्यू व अपंगत्व २०३० पर्यंत निम्मे करण्याचे ठरवले असून भारताने मार्च २०२४ मध्ये आपला कृती आराखडा जाहीर केला. पेरणीपासून कापूस वेचणीपर्यंत आमचे लोक शेतात वाकून काम करतात. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पविषरोधक लस आणि ती देण्याचे प्रशिक्षण असलेले डॉक्टर रात्रीही उपलब्ध असावेत. पहिली मात्रा इथेच देऊन मग रुग्णाला गडचांदूर, राजुरा किंवा चंद्रपूरला पाठवावे. १०८ रुग्णवाहिका पावसाळ्यात पहाडावरच उभी ठेवावी.

५. कोलाम गुडे : महाराष्ट्रातील तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी कोलाम एक आहे. अशा जमातींसाठीची पीएम-जनमन मोहीम २०२३-२४ ते २०२५-२६ या तीन वर्षांसाठी मंजूर झाली. ती मुदत याच महिन्यात संपते. फिरते आरोग्य पथक कोणत्या गुड्यात किती वेळा आले, पाणी, रस्ता व घरे यांची कोणती कामे झाली आणि कोणती राहिली, याची गुडानिहाय यादी प्रसिद्ध करावी. उरलेली कामे अर्ध्यावर सोडू नयेत.

६. सीमेवरील गावे : महाराष्ट्र व तेलंगणा या दोन्ही राज्यांचा दावा असलेल्या १४ गावांत रुग्णाची नोंद कोणी करायची, यावरून उपचार अडू नये. तेलंगणातील कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेसोबत पावसाळ्यापूर्वी संयुक्त बैठक घेऊन हिवताप, क्षयरोग व लसीकरणाच्या नोंदी जुळवाव्यात.

७. भाषा : कोलामी, गोंडी आणि गोरमाटी बोलणाऱ्यांना त्यांच्या भाषेत माहिती मिळावी. त्यासाठी गुड्यातल्याच तरुण-तरुणींना मानधनावर नेमावे.

८. ग्रामसभेपुढे अहवाल : वर उल्लेखलेल्या प्रत्येक दिनाच्या आठवड्यात तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी गावनिहाय तपासण्या, रुग्ण, मृत्यू, औषधसाठा आणि रिक्त पदे यांचा अहवाल ग्रामसभेत वाचून दाखवावा. रुग्णांची नावे मात्र गुप्त ठेवावीत. ग्रामसभेने विचारलेल्या प्रश्नांना एका महिन्यात लेखी उत्तर द्यावे.

महोदय, यांतील बहुतेक बाबींसाठी नवा कायदा लागत नाही. योजना आहेत, मुदती ठरलेल्या आहेत, आणि आशाताई, आरोग्यसेविका थोड्या मानधनात पायपीट करून काम करीत आहेत. त्यांना वेळेवर साहित्य, वाहन व मानधन मिळावे आणि वरिष्ठांची जबाबदारी ठरावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

तरी २४ मार्चपूर्वी जिवती येथे आरोग्य, महसूल व आदिवासी विकास विभागांची संयुक्त बैठक बोलवावी, तीत ग्रामसभांच्या व आशाताईंच्या प्रतिनिधींना स्थान द्यावे आणि प्रत्येक मागणीवर अंमलबजावणीची तारीख लेखी कळवावी, ही नम्र पण आग्रहाची विनंती.

आपले विश्वासू,
जिवती तालुक्यातील गुडे, तांडे व सीमेवरील गावांचे नागरिक
(सह्या व अंगठ्यांची यादी सोबत)

प्रतिलिपी माहिती व कार्यवाहीसाठी :
१. मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, चंद्रपूर
२. मा. जिल्हा शल्यचिकित्सक, चंद्रपूर
३. मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, चंद्रपूर
४. मा. जिल्हा हिवताप अधिकारी, चंद्रपूर
५. मा. प्रकल्प अधिकारी, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प, चंद्रपूर