दुसरा गुडघा

रामटेकच्या टेकडीवर लोक रामाच्या पाया पडायला जातात. मला तिथं शंबूक आठवतो. रामानं शंबूकाला मारलं ते इथंच, असं सांगतात. त्याचा गुन्हा काय? शूद्र असून उलटा टांगून घेऊन तप करत होता. कोणाचं घर फोडलं नाही, कोणाची गाय पळवली नाही. आपलं अंग आपल्या मर्जीनं ठेवलं, एवढंच. मुंडकं गेलं.

गोष्ट खरी की खोटी, त्यात मला रस नाही. त्यातला कायदा खरा आहे. तुम्ही कसं उभं राहायचं, कसं बसायचं, कोणापुढं वाकायचं, हे ते ठरवणार.

म्हणून आज एरिक रीडबद्दल लिहितोय. तो अमेरिकेतला काळा फुटबॉलपटू. त्यांचा फुटबॉल वेगळा. चेंडू लांबुळका, हातात धरून पळायचा. रीड 'सेफ्टी', म्हणजे बचावातला सगळ्यात मागचा गडी. तो चुकला की संपलं. ही जागा मला ठाऊक आहे. शाळेच्या संघात आम्ही वस्तीतली पोट्टी कायम बॅकला. गोल मारला की नाव पुढच्यांचं, गोल खाल्ला की शिव्या आमच्या. "काहून बे, झोपला होता का?"

रीडचा जन्म १९९१ चा, बॅटन रूजमधला. २०१३ मध्ये सान फ्रान्सिस्कोच्या संघानं त्याला पहिल्याच फेरीत उचललं. ५ जुलै २०१६ ला त्याच बॅटन रूजमध्ये पोलिसांनी आल्टन स्टर्लिंग या काळ्या माणसाला खाली पाडून गोळ्या घातल्या. दुकानाबाहेर सीड्या विकून पोट भरणारा माणूस. रीड हादरला.

संघातला कॉलिन कॅपर्निक ऑगस्टमध्ये राष्ट्रगीताला बसून राहिला होता. एका माजी सैनिकानं सुचवलं, बसू नकोस, गुडघा टेक. मेलेल्या साथीदाराच्या थडग्यापुढं आम्ही तसंच करतो. १ सप्टेंबर २०१६ ला सॅन डिएगोत कॅपर्निकनं गुडघा टेकला. त्याच्या शेजारी दुसरा गुडघा टेकला तो रीडचा.

देश पेटला. झेंड्याचा अपमान! माणूस मेला तेव्हा हे लोक कुठं होते? आपल्याला हा प्रश्न नवा नाही. 'साधना'च्या १५ ऑगस्ट १९७२ च्या अंकात राजा ढाल्यांनी हाच विचारला होता. दलित बाईला नागवं केलं तर दंड किती आणि झेंड्याचा अपमान केला तर किती, एवढा साधा हिशेब मांडला. पांढरपेशांना राग आला तो हिशेबाचा नव्हे, भाषेचा.

पुढचं नीट ऐका. सप्टेंबर २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्पनं भर सभेत आईवरून शिवी देऊन मालकांना सांगितलं, असल्यांना हाकला. नोव्हेंबरात लीगनं सामाजिक कामासाठी सुमारे ८ कोटी ९० लाख डॉलर पुढं केले. खेळाडूंच्या आघाडीतल्या काहींनी ते पत्करले. रीड आघाडीतून बाहेर पडला. मालकांना गुडघे थांबवायचे आहेत, हे त्याला कळलं. आपल्याकडं या पैशाला महामंडळ म्हणतात. रामटेकची लोकसभेची जागा २००९ पासून राखीव आहे. जागा आपली, पण तिकीट त्यांचं आणि व्हिपही त्यांचा. १९३२ च्या पुणे करारानं हेच आपल्या गळ्यात बांधलं.

२०१८ मध्ये रीडचा करार संपला. सव्विशीतला, ऐन भरातला खेळाडू, पण महिनोन्‌महिने कोणी विचारेना. त्यानं मालकांच्या संगनमताविरुद्ध तक्रार ठोकली. हंगाम सुरू झाल्यावर, सप्टेंबरअखेर, एका संघानं घेतलं. संघाचं नाव? कॅरोलायना पँथर्स! नाव पँथर असून तिथं तोवर एकानंही गुडघा टेकला नव्हता. पहिला रीडच. नुसतं नाव पँथर ठेवून काय होतं, हे आपल्यापेक्षा कोणाला जास्त ठाऊक?

रीड काही संत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यानं आणि कॅपर्निकनं तक्रार मिटवली, रक्कम गुप्त राहिली. पण गुडघा टेकणं त्यानं सोडलं नाही. मार्च २०२० मध्ये संघानं त्याला काढलं. मे महिन्यात जॉर्ज फ्लॉइड मेला आणि जूनमध्ये लीगचा प्रमुख म्हणाला, खेळाडूंचं आधी ऐकलं नाही, चुकलंच. बोलला छान. रीड मात्र त्या लीगमध्ये पुन्हा एकही सामना खेळला नाही.

मित्रांनो, पहिल्याचा फोटो छातीवर छापणं सोपं आहे. २०१८ मध्ये बुटाच्या कंपनीनंही कॅपर्निकचा चेहरा जाहिरातीत लावला. पण दुसरा नसता तर पहिला एकटा वेडा ठरला असता. खैरलांजी इथून लांब नाही. २००६ मध्ये मोर्चे निघाले तेव्हा आपण हजारोंनी होतो. भैयालाल भोतमांगे २०१७ मध्ये मरेपर्यंत कोर्टाकडं डोळे लावून होते. त्या तारखांना आपण किती होतो?

वस्तीतला एक जण ॲट्रॉसिटीची तक्रार द्यायला ठाण्याच्या पायऱ्या चढतो. फौजदार विचारतो, "सोबत कोण आहे?"

तिथं उभा राहा. भाषण नको. फक्त शेजारी उभा राहा, आणि महामंडळ आलं तरी हलू नको.

जय भीम!