केसगळती : दोष कोणाच्या खाती?

केस गळू लागले की घरातील पहिला संशय न्हाणीघरातल्या बाटलीवर जातो. महिन्यापूर्वी बदललेला शाम्पू, कोणाच्या आग्रहाने आणलेले तेल, लग्नसराईत लावलेला रंग, यांपैकी एकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते आणि साक्षीपुरावा न तपासताच निकाल दिला जातो. उलट काउंटरमागचा दुकानदार ‘आमच्या मालाने असे होतच नाही’ असे छातीठोकपणे सांगतो. दोन्ही विधाने घाईची आहेत. केसांच्या प्रसाधनांमुळे केस गळू शकतात काय, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘होय, परंतु क्वचित आणि ठरावीक मार्गांनीच’ असे आहे. ते मार्ग कोणते, हे ग्राहकाने जाणून घ्यावे आणि अशा मालाचा व्यापार करणाऱ्यानेही.

प्रथम केसांचा मूळ हिशेब पाहावा. माणसाच्या डोक्यावर साधारणतः एक लाख केस असतात. प्रत्येक केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर याप्रमाणे दोन ते सहा वर्षे वाढतो, दोन-तीन आठवडे संक्रमणात घालवतो, सुमारे तीन महिने विश्रांती घेतो आणि मग गळतो. त्याच मुळातून नवा केस उगवतो. कोणत्याही वेळी ८५ ते ९० टक्के केस वाढीच्या अवस्थेत असतात. त्यामुळे रोज ५० ते १०० केस गळणे हा तोटा नव्हे, तो नित्याचा व्यवहार आहे. जी स्त्री आठवड्यातून एकदाच न्हाते, तिला सुटे होऊन राहिलेले आठवड्याचे केस एकाच दिवशी मोरीत दिसतात. तेथे शाम्पूने केस गळवलेले नसतात. आधीच सुटलेले केस त्याने फक्त बाहेर आणलेले असतात.

दुसरी गोष्ट मुळाची. डोळ्यांना दिसणारा केस निर्जीव असतो. तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा धागा होय. जिवंत भाग असतो तो त्वचेच्या आत काही मिलिमीटर खोल असलेल्या मुळाशी. दोन मिनिटे लावून धुऊन टाकलेला सर्वसाधारण शाम्पू तेथवर पोहोचून मूळ मारतो, असा पुरावा नाही. फेस आणणाऱ्या सल्फेटांविषयी बराच गवगवा होतो. ती काहींची त्वचा कोरडी करतात, केस रुक्ष करतात, हे खरे. पण त्यांनी टक्कल पडते, हे सिद्ध झालेले नाही. खोबरेल तेल केसाच्या आत शिरून प्रथिनांची झीज कमी करते, हा त्याचा गुण मान्य आहे. मात्र ज्याच्या डोक्यात तेलकट कोंडा आहे, त्याने तेल चोपडत राहिल्यास कोंडा वाढवणाऱ्या सूक्ष्म बुरशीला खाद्यच मिळते.

म्हणून तक्रार ऐकताना पहिला प्रश्न असा असावा की, केस गळतो आहे की तुटतो आहे? गळलेल्या केसाच्या एका टोकास बारीकशी पांढरी गाठ दिसते. तुटलेल्या केसास ती नसते आणि तुकडे आखूड, कमीअधिक लांबीचे असतात. वारंवार ब्लीच, रिबाँडिंग, ओल्या केसांवर अतितप्त यंत्र, यांनी केस तुटतात आणि वेणी पातळ दिसू लागते. मूळ शाबूत असल्याने ही हानी भरून येते. मात्र महिन्याला एक सेंटिमीटर या गतीनेच.

दुसरा प्रश्न काळाचा. हिशेबाच्या वहीत जसा एखादा खर्च मागील तिमाहीचा असून या तिमाहीत दिसतो, तसेच केसांचे आहे. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, झपाट्याने उतरवलेले वजन, दीर्घ उपवासांची मालिका यांचा धक्का बसला की अनेक केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन ते तीन महिन्यांनी गळू लागतात. तोवर ताप विसरलेला असतो आणि पंधरा दिवसांपूर्वी आणलेली बाटली मात्र डोळ्यांसमोर असते. दोष तिच्या खाती पडतो. पुढे बाटली बदलली जाते, धक्क्याचा परिणामही सहा महिन्यांत आपोआप ओसरतो आणि श्रेय नव्या बाटलीच्या खाती जमा होते. दोन्ही नोंदी चुकीच्या. शिवाय लोहाची कमतरता, थायरॉइडचे विकार, काही औषधे आणि सर्वांत सामान्य असे वंशपरंपरेने येणारे टक्कल, ही कारणे बाटलीशी असंबद्ध आहेत. नाण्याएवढी गोल चाई पडणे हा तर शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच मुळांवर केलेला हल्ला असतो.

घाईने दिलेला निकाल कसा फसतो, याचे उदाहरण महाराष्ट्रातच घडले. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांतून माणसांचे केस अवघ्या काही दिवसांत मुठीने निघू लागले. बाधितांची संख्या शंभरावर गेली. प्रारंभी शाम्पूवर संशय घेतला गेला, पाण्याकडेही बोट दाखवले गेले. परंतु शाम्पूला हातही न लावलेली माणसे बाधितांत होती. पाणी, रक्त, केस यांचे नमुने तपासणीस गेले. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी बाधितांच्या शरीरात सेलेनियमचे प्रमाण फार अधिक व जस्ताचे कमी आढळल्याचे मांडले आणि रोख रेशनच्या गव्हाकडे वळवला. संशय न्हाणीघरात सुरू झाला आणि स्वयंपाकघराच्या कोठारापाशी जाऊन पोहोचला.

याचा अर्थ प्रसाधने सदैव निर्दोष असतात, असा नव्हे. काही ठिकाणी दोष त्यांच्याच खाती पडतो.

पहिला मार्ग ॲलर्जीचा. बहुतेक काळ्या केशरंगांत पॅराफेनिलीनडायअमीन, म्हणजेच पीपीडी, हे द्रव्य असते. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांतही ते अनेकदा आढळते, कारण शुद्ध मेंदीचा रंग तांबूस-केशरीच येतो. ज्यांना हे द्रव्य सोसत नाही, त्यांच्या डोक्याची त्वचा लाल होते, खाजते, पाझरते. डोळ्यांभोवती सूज येते. ही दाहकता तीव्र असेल तर काही आठवड्यांनी केसही गळतात. दहा वर्षे एकच रंग निर्वेध लावणाऱ्यालाही अकराव्या वर्षी ॲलर्जी होऊ शकते, हे ध्यानात ठेवावे. शाम्पू टिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मिथाइलआयसोथायाझोलिनोन या द्रव्याची ॲलर्जी युरोपात इतकी वाढली की, २०१७ पासून त्वचेवर राहू देण्याच्या प्रसाधनांत त्यास तेथे बंदी झाली आणि धुऊन टाकण्याच्या प्रसाधनांत अत्यल्प मर्यादा घातली गेली.

दुसरा मार्ग दाहक रसायनांचा. केस सरळ करणारी तीव्र अल्कधर्मी द्रव्ये चुकीच्या हातांनी लावली की त्वचा भाजते आणि व्रणाखाली मूळच नष्ट झाले तर तेथे केस पुन्हा येत नाही. ‘केराटिन’ म्हणवल्या जाणाऱ्या काही उपचारांत तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड वायू निघतो. त्याने डोळे व घसा जळजळतात. २०११ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशाच एका प्रसिद्ध उत्पादनास ताकीद दिली होती. त्याच्या वेष्टनावर ‘फॉर्मल्डिहाइडमुक्त’ असे छापलेले होते! वेष्टनावरील विशेषण आणि आतील माल यांत अंतर असू शकते, हे व्यापाऱ्यास वेगळे सांगावयास नको.

तिसरे प्रकरण याहून बोधप्रद आहे. ‘वेन’ नावाच्या केस स्वच्छ करणाऱ्या कंडिशनरविषयी अमेरिकेत केसगळती, केस तुटणे, त्वचेचा दाह अशा तक्रारी येऊ लागल्या. जुलै २०१६ पर्यंत शासनाकडे थेट आलेल्या तक्रारी १२७ होत्या. तपासणीत असे निष्पन्न झाले की, कंपन्यांच्या दप्तरी त्याच स्वरूपाच्या २१,००० हून अधिक तक्रारी पडून होत्या. त्या शासनास कळवण्याचे बंधन तत्कालीन कायद्यात नव्हते. कंपन्यांनी दोष मान्य केला नाही; परंतु ग्राहकांच्या सामूहिक दाव्यात २ कोटी ६० लाख डॉलरांहून अधिक रकमेची तडजोड झाली. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये तेथे नवा कायदा झाला. त्यात प्रसाधनाने झालेल्या गंभीर इजेची माहिती कामकाजाच्या १५ दिवसांत कळवणे बंधनकारक ठरले आणि ‘लक्षणीय केसगळती’ या गंभीर इजेत गणली गेली. तक्रारवही बंद ठेवली म्हणून दायित्व नाहीसे होत नाही. ते फक्त ताळेबंदाबाहेर राहते आणि एके दिवशी व्याजासह समोर येते.

चौथी बाब अगदी उलटी. टकलावर लावल्या जाणाऱ्या मिनॉक्सिडिल या औषधाने आरंभीच्या काही आठवड्यांत केसगळती वाढू शकते. विश्रांतीतील जुने केस सुटून नव्यांना जागा होते म्हणून असे घडते. हे आधी न सांगितल्यास ग्राहक घाबरून औषध सोडतो.

आता दुकानाविषयी. आपल्याकडे प्रसाधनांना १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू आहेत. वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापराची मुदत आणि घटकद्रव्ये असावीत. माल कोणाकडून घेतला, हे निरीक्षकाने विचारल्यास विक्रेत्यास सांगावे लागते. म्हणजे बिनबिलाची स्वस्त पेटी प्रसंगी फार महाग पडते. औषध नियमांतील अनुसूची ‘जे’ मध्ये टकलाचा समावेश आहे. औषधाने टक्कल बरे होते असा दावा करण्यास मनाई आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर उत्पादनाबाबतची जबाबदारी काही परिस्थितींत विक्रेत्यावरही टाकली आहे. उत्पादकाच्या हमीखेरीज विक्रेत्याने स्वतःची वेगळी हमी दिली आणि ती खोटी ठरून ग्राहकास इजा झाली, ही त्यांपैकीच एक परिस्थिती होय. ‘माझी गॅरंटी, एक केस गळणार नाही’ हे वाक्य काउंटरवर सहज निघते. त्याचे मोल विक्रीच्या नफ्याहून कितीतरी अधिक असू शकते.

मग करावे काय? रंग लावण्यापूर्वी कानामागे किंवा कोपराच्या आतील बाजूस थेंबभर लावून ४८ तास पाहावे. ही पूर्वचाचणी करण्याची सूचना केशरंगाच्या वेष्टनावर असते. ती वाचावी आणि विकताना वाचून दाखवावी. नवी वस्तू वापरल्यावर खाज, आग, लाली, खपल्या यांपैकी काही दिसले, तर संशयास आधार आहे. ती वस्तू तत्काळ थांबवावी, पण बाटली टाकू नये. घटकांची यादी आणि बॅच क्रमांक त्वचारोगतज्ज्ञाच्या उपयोगी पडतो. त्वचा स्वच्छ असून केस सर्वत्र विरळ होत असतील, तर मागील तीन-चार महिन्यांत काय घडले, ते आठवावे आणि रक्तातील लोह व थायरॉइड तपासून घ्यावे. भांग रुंदावत असेल, चाई पडली असेल वा त्वचा गुळगुळीत होऊन चकाकू लागली असेल, तर विलंब करू नये. मूळ जिवंत आहे तोवरच उपचाराला अर्थ असतो.

सर्वांत मोठे नुकसान प्रसाधनापेक्षा चुकीच्या निदानाने होते. रक्तक्षय असलेली तरुणी वर्षभर शाम्पू बदलत राहते आणि ॲलर्जी असलेला गृहस्थ ‘वयोमानाने गळतात’ म्हणून तोच रंग लावत राहतो. एकीच्या बाबतीत बाटलीवर आळ आला, दुसऱ्याच्या बाबतीत ती सुटली. तोटा दोघांनाही सारखाच झाला. नोंद कोणाच्या खाती करावयाची, हे पावती पाहून ठरवावे, हा पेढीचा नियम डोक्यावरच्या केसांनाही तितकाच लागू पडतो.